होळीला बझ, गणपतीत उंच तारा: जुन्या बेस गिटारचं दरवर्षीचं दुखणं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या बेसचंही हेच आहे का ते लगेच कळेल. होळी झाली की ई तारेवर (सगळ्यात जाड तार) पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या रेघा) बझ सुरू होतो, म्हणजे तार फ्रेटला लागून खरखरते. पाडव्यापर्यंत तो ए तारेवरही पोचतो. मृग बरसून पंधरा-वीस दिवस झाले की बझ आपोआप जातो, पण तोवर तारा इतक्या उंच झालेल्या असतात की गणपतीतल्या कार्यक्रमात दोन तास वाजवलं की डावं मनगट भरून येतं. ऑक्टोबरचं ऊन तापलं की पुन्हा बझ. सहा वर्षं हे चक्र मी अनुभवलं. दर वेळी कुणीतरी काहीतरी घट्ट केलं, सैल केलं, घासलं, आणि दर वेळी आजार तीन-चार महिन्यांनी परत आला.

बेस माझ्या मामाचा. तो नाशिकच्या ऑर्केस्ट्रांत वाजवायचा, कालिदास कलामंदिरात त्याच्या मागे विंगेत बसून मी हा बेस पहिल्यांदा ऐकला. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आहे, जपानमध्ये बनलेला. नेक (तारांखालची लांब मान) जिथे बॉडीला बसते तिथल्या लोखंडी प्लेटवर ‘जेव्ही’ने सुरू होणारा क्रमांक आहे. फेंडर जपान १९८२ मध्ये सुरू झाली आणि अगदी सुरुवातीच्या बेसवर हा क्रमांक असायचा; मात्सुमोतो शहरातल्या फुजिजेन कारखान्यात ते बनायचे. म्हणजे लाकूड चाळीस वर्षांपूर्वीचं. मेपलची नेक, वर रोझवूडचा फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी), ३४ इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी). एवढ्या लांब नेकवर चार जाड तारांची मिळून सुमारे ८० किलोची ओढ असते. म्हणजे एक मोठा माणूस रात्रंदिवस त्या नेकला लटकून आहे असं समजा. ही ओढ आणि तिला विरोध करणारी नेकच्या आतली धातूची सळई, म्हणजे ट्रस रॉड, यांचा तोल जमलेला असतो तोवर सगळं ठीक. हा तोल ढळवण्याचं काम हवेतला ओलावा करतो.

हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत बेसने मोजली. तिसऱ्या वर्षी, ऐन एप्रिलमध्ये, बझ घालवायचा म्हणून मी तो एका कारागिराकडे दिला. त्याने फ्रेट घासून समान केल्या. बझ गेला, मी खूश. जुलैत तारा नेहमीसारख्याच उंच झाल्या, मार्चमध्ये बझ पुन्हा हजर, आणि फ्रेटची उंची मात्र कायमची कमी झाली. घासलेली फ्रेट परत वाढत नाही. जुन्या वाद्यावर फ्रेट म्हणजे मर्यादित शिल्लक असते, आणि मी ती ऋतूवर खर्च केली. याचं मला आजही वाईट वाटतं. हे लिहायला बसले ते त्याचसाठी.

उत्तर सापडलं ते पिंपळगाव बसवंतच्या चुलतभावाकडे. त्याची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर त्याच्या डोक्यात एकच विषय: हवेत ओल किती, कारण ओल वाढली की डावणी (द्राक्षाचा बुरशीचा रोग) येते. त्याच्याकडे तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर होता. तो मला म्हणाला, ‘ताई, तू लाकडाची वस्तू सांभाळतेस आणि घरात हा मीटर नाही?’ मी दुसऱ्याच दिवशी तसला एक घेतला आणि बेसच्या स्टँडजवळ ठेवला. मीटर स्वस्तातला असला तरी चालतो, पण एकदा त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करा (विरघळू देऊ नका), झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात ठेवा आणि दहा-बारा तास थांबा. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ कमी दाखवतो, एवढं त्यावर पेनाने लिहून ठेवा.

एप्रिलमध्ये माझ्या खोलीत आकडा २५ च्या खाली गेला. जुलैत खिडक्या लावूनही ८५. लाकडाच्या वाद्याला ४५ ते ५५ च्या आसपास बरं वाटतं. नाशिकला हवा चांगली म्हणतात, माणसांना ती चांगली आहेच. पण उन्हाळ्यात कोरडी फुफाट्यासारखी, मग तीन-चार महिने चिंब, मग निफाडचा पारा उतरतो तसली कोरडी थंडी. समुद्रकाठी वर्षभर दमट असतं, तिथे लाकूड एकदा फुगून बसतं. आपल्याकडे ते सारखं ये-जा करतं.

लाकूड ओल घेतं तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पण नेक म्हणजे दोन वेगळ्या लाकडांचा जोड. मेपलवर लॅकरचा थर, रोझवूड उघडं, आणि हील (नेकचं बॉडीत बसणारं टोक), नटची खाच (नट म्हणजे नेकच्या दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), स्क्रूची भोकं इथे कुठेच लॅकर नसतं. दोन्ही लाकडं वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि सोडतात, म्हणून नेक किंचित वाकते. किंचित म्हणजे मिलिमीटरचे दोन-तीन दशांश. बेसवर बझ यायला तेवढं पुरतं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ती गोष्ट. माझी नेक ओल वाढली की पुढे, म्हणजे तारांच्या ओढीच्या दिशेने, वाकते आणि कोरड्यात सरळ होते, म्हणून उन्हाळ्यात बझ आणि पावसात उंच तारा. माझ्यासोबत वाजवणाऱ्या एका मित्राकडे मेपलच्या फिंगरबोर्डचा जुना बेस आहे, इंदिरानगरात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. त्याचं बरोबर उलटं होतं. पावसाळ्यात बझ, मार्चमध्ये तारा उंच. म्हणून ‘उन्हाळ्यात रॉड सैल करा, पावसाळ्यात घट्ट करा’ असा सल्ला कुणी दिला तर तो त्याच्या बेसपुरता खरा समजा. नेक कापली कशी, रेषा कशा आहेत, लॅकर किती उरलंय, यावर दिशा ठरते. तुमच्या बेसची दिशा तुमच्या बेसलाच विचारावी लागते, आणि विचारायची पद्धत म्हणजे मोजणं.

मोजायला फिलर गेज लागतं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच. संगीताच्या दुकानात शोधत बसू नका. अंबड किंवा सातपूरला कारखान्यात काम करणारा कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतो, त्याला ‘फिलर गेज दे दोन दिवस’ म्हटलं की काम झालं. गॅरेजवाल्यांकडेही असतं, टॅपेट सेट करायला ते हेच वापरतात. अगदीच नाही मिळालं तर साधं व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मि.मी. जाड असतं, अंदाजाला ते चालेल.

बेस आधी सुरात आणा. ही पायरी लोक सोडतात आणि मग सगळे आकडे खोटे येतात, कारण तारेची ओढ बदलली की नेकही हलते. बेस मांडीवर आडवा टाकून मोजू नका, वाजवताना धरता तसा धरा. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा (कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, असेल तर तो लावा) आणि जिथे नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. आता ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते गेजने पाहा. ०.३ ते ०.४ मि.मी. असेल तर नेक ठीक. फट जवळपास नसेल किंवा तार टेकत असेल तर नेक फार सरळ झालीय किंवा मागे वाकलीय. ०.५ च्या वर गेली तर जास्त पुढे वाकलीय. माझ्या वहीत मे महिन्याचा आकडा ०.१ आहे आणि जुलैअखेरचा ०.५५.

तारखेसोबत आर्द्रता लिहा, तारांचा संच कोणता ते लिहा. एवढंच. पण हे वर्षभर करा, महिन्यातून एकदा. पहिल्या पाच-सहा नोंदींनंतर तुम्हाला चित्र दिसायला लागेल.

बझ कुठे येतो यावरूनही बरंच कळतं. पहिल्या पाच फ्रेटवर येतो आणि वर स्वच्छ वाजतं, तर नेकची वक्रता कमी पडतेय. बाराव्याच्या पुढेच येतो आणि मधल्या भागात तारा उंच, तर वक्रता जास्त. फक्त मोकळी तार बझते, दाबली की नाही, तर हेडस्टॉककडच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या, नटची खाच झिजलीय. एकाच फ्रेटवर येतो, वर्षभर, प्रत्येक ऋतूत, तर ती फ्रेट उचलली गेलीय. अशी फ्रेट कारागिराने ठोकून बसवली पाहिजे आणि तिथे ऋतूचा दोष नाही. सगळीकडे सारखाच येतो, तर ब्रिजवरचे सॅडल (बॉडीकडे तारा टेकतात ते तुकडे) खाली गेलेत.

कोरडेपणाची आणखी एक खूण हाताला लागते. मार्च-एप्रिलमध्ये नेकच्या कडेवरून अंगठा फिरवा. फ्रेटची टोकं बोचत असतील तर लाकूड आक्रसलंय. धातू तेवढाच राहिला आणि लाकूड अरुंद झालं. काही जण लगेच कानस घेतात. थांबा. ओल परत आली की बहुतेक टोकं आत जातात. जुलैतही बोचली तर मग घासा.

आता माझं सहा वर्षांचं कोडं. मीटर आल्यावर मे महिन्यात मी रोज आकडा बघायचे आणि चक्रावून जायचे: सकाळी २५, संध्याकाळी ७०, कोरड्या मे महिन्यात! कारण खोलीतच होतं. कूलर. आमच्या घरी दुपारी एक ते सहा कूलर चालतो आणि त्याच्या झोतासमोरच्या कोपऱ्यात माझा बेसचा स्टँड होता. कूलर पाण्याची हवा फेकतो, खोली थंड होते आणि ओलीही होते. बेस दिवसा पावसाळ्यात आणि रात्री उन्हाळ्यात राहत होता. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी रॉड फिरवायचे, दोन दिवस बरं वाटायचं, आणि चौथ्या दिवशी पुन्हा बिघडायचं. स्टँड त्या खोलीतून हलवला तेव्हा पहिल्यांदा आठवडाभर एकच आकडा आला. एसीचंही लक्षात घ्या, तो उलट करतो, ओल काढतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून रिक्षाने ओल्या मंडपात नेलेला बेस तासाभरात सुरातून उतरतो. त्यात तारांचाही भाग आहे. स्टेजवरच्या दिव्यांनी पोलाद तापलं की तार लांबते आणि सूर खाली येतो. तो सूर खुंटीनेच लावा, नेकला हात लावू नका.

केस, म्हणजे बेसची कडक पेटी, वापरा. मोठा उपाय हाच आहे आणि लोक त्याचा कंटाळा करतात. भिंतीवर टांगलेला जुना बेस देखणा दिसतो, मलाही आवडायचा, पण बंद कडक केसमध्ये आर्द्रता खोलीपेक्षा खूप सावकाश बदलते आणि लाकडाला सावकाश बदल सोसतो. केसमध्ये ओल घेणारी आणि सोडणारी, दोन्ही कामं करणारी पाकिटं मिळतात. कोरड्यात ती कडक होतात, मग बदलायची. आपल्या पावसाळ्यात ती फुगून लवकर संपतात, म्हणून जून ते सप्टेंबर मी सिलिका जेल ठेवते, नारिंगी दाण्यांचं. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, ते घरात नको. दाण्यांचा रंग बदलला की ते जुन्या कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. ती कढई मात्र परत स्वयंपाकाला घेऊ नका. उन्हाळ्यात केसमध्ये सिलिका जेल राहू देऊ नका, कोरड्यात भर पडेल. हे मी एकदा विसरले होते.

फिंगरबोर्डला तेलाबद्दल थोडक्यात: खोबरेल, तीळ, कुठलंही खायचं तेल नको, ते चिकटतं आणि खवट होतं. फिंगरबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे चार थेंब वर्षातून दोनदा, फक्त रोझवूडवर, आणि लगेच कोरडं पुसून. लॅकर लावलेल्या मेपलवर काहीच नको.

एवढं केल्यावर माझ्या नेकची हालचाल निम्म्याहून कमी झाली. उरलेल्यासाठी मी वर्षातून दोनदाच ट्रस रॉड फिरवते: जुलैच्या मध्याला, पाऊस स्थिरावल्यावर, आणि नोव्हेंबरात, दिवाळीनंतर. मधल्या काळात आकडा थोडा हलला तर हलू देते.

ट्रस रॉड कसा फिरवायचा हे जुन्या बेसवर जपून सांगावं लागतं. माझ्या बेससारख्या, १९५० आणि ६० च्या दशकांच्या धर्तीवर बनलेल्या प्रिसिजन आणि जॅझ बेसमध्ये रॉड फिरवायचा नट (तारा टेकतात तो नट वेगळा) नेकच्या हीलमध्ये, बॉडीच्या खाचेत लपलेला असतो. तिथे पोचायला तारा सैल कराव्या लागतात आणि नेकचे चार स्क्रू ढिले करून नेक वर उचलावी लागते. स्क्रू जपानी बेसचे असतील तर साधा चारपट्टी स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि डोकं खराब करतो, कारण जपानी मापाची फुली वेगळी असते. जपानी दुचाकी दुरुस्त करणाऱ्यांकडे योग्य ड्रायव्हर असतो. ब्रिजच्या सॅडलचे बारीक ॲलन स्क्रूही तसेच: जपानीला मिलिमीटरची चावी, अमेरिकनला इंचाची. १.२७ मि.मी.च्या जागी १.५ ची चावी बसतच नाही, आणि १.५ च्या जागी १.२७ ची घातली तर स्क्रू आतून गोल होतो.

नेक उचलताना खाचेत बघा. जुन्या बेसमध्ये तिथे बऱ्याचदा कागदाचा किंवा पातळ लाकडाचा छोटा तुकडा ठेवलेला असतो, नेकचा कोन बदलायला. तो कचरा समजून फेकू नका. कुठे, कसा होता त्याचा फोटो काढा आणि तसाच परत ठेवा. हीलवर पेन्सिलने किंवा शिक्क्याने तारीख असेल तर ती पुसली जाणार नाही याची काळजी घ्या, वाद्याचं वय सांगणारा तो पुरावा आहे.

रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवला की घट्ट होतो आणि नेक सरळ होते. उलट फिरवला की सैल होतो आणि तारांची ओढ नेकला पुढे वाकवते. एका वेळी एक अष्टमांश फेरा, जास्तीत जास्त पाव. मग नेक बसवा, तारा सुरात आणा, मोजा, आणि रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजा. लाकूड लगेच उत्तर देत नाही. मी पूर्वी एका संध्याकाळी तीनदा फिरवायचे आणि सकाळी सगळं भलतीकडे गेलेलं असायचं. नट फिरेना झाला तर जोर लावू नका. नट पूर्ण सैल आहे आणि नेक तरीही मागे वाकलेली, तर रॉड काही करू शकत नाही, तो एकाच दिशेने काम करतो. तिथे जाड तारांचा संच लावून ओढ वाढवणं हा पहिला उपाय. फ्लॅटवाउंड तारांचे बरेच संच जास्त ओढीचे असतात, मी दोन वर्षं त्यांवरच काढली. याच कारणाने बेस महिनोन्‌महिने वाजवायचा नसेल तर तारा पूर्ण सोडून ठेवू नका. एखादा सूर उतरवा, बास.

सगळ्या जुन्या बेसना हे लागू नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या फेंडर जॅझ बेसला नेकचे तीन स्क्रू असतात आणि रॉडचा नट हेडस्टॉककडे गोळीच्या टोकासारखा बाहेर दिसतो, त्यामुळे नेक काढावी लागत नाही. गिब्सन ईबी मालिकेत तो हेडस्टॉकवरच्या झाकणाखाली असतो. रिकनबॅकर ४००१ मध्ये दोन रॉड असतात, आणि जुन्या बेसवर नट पिळून नेक सरळ करायला गेलं तर फिंगरबोर्ड सुटू शकतो. तिथे नेक हाताने दाबून सरळ धरतात आणि मग नट फक्त टेकवतात. तो बेस घरी उघडू नका, जाणकाराकडे द्या.

नेकचे स्क्रू वारंवार काढल्याने लाकडातली भोकं सैल होतात. माझी झाली होती, दोन स्क्रू नुसते फिरत होते, आणि त्यामुळे नेक खाचेत हलायची व बझात भर पडायची. बांबूच्या काड्या फेव्हिकॉल लावून भोकात बसवल्या, एक दिवस सुकू दिल्या, पृष्ठभागाबरोबर कापल्या आणि बारीक भोक पाडून स्क्रू परत आवळले. तीन वर्षं झाली, घट्ट आहेत.

रॉड झाल्यावरच बाकीचं करा, याच क्रमाने: तारांची उंची, मग सूर जुळवणं म्हणजे बारावा फ्रेट आणि मोकळी तार यांचा मेळ, मग पिकअपची (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकांची) उंची. माझ्या बेसवर सतराव्या फ्रेटपाशी ई तार २.८ मि.मी. उंच ठेवते. फिंगरबोर्ड जास्त गोलसर असल्याने त्याखाली गेले की बझ येतोच. पावसाळ्यात आवाजाचे पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरकी बटणं) खरखरतात, ते वेगळं दुखणं. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर आणि वीस-तीसदा पॉट फिरवणं पुरतं, नेकशी त्याचा संबंध नाही.

आणि एखादी तार पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास अचानक लवकर विझत असेल, बहुतेक वेळा ‘जी’ (G) सुराची, तर ती दुरुस्त करायला जाऊ नका. या धर्तीच्या बेसमध्ये तिथे मृत जागा असतेच, नेकच्या स्वतःच्या कंपनामुळे. मामा तो सूर डी तारेवर वाजवायचा, मीही तेच करते.

कारागिराकडे जायची वेळ आलीच तर वही सोबत न्या. त्याने बेस ज्या दिवशी सेट केला त्या दिवसाची आर्द्रता त्याच वहीत लिहून घ्या, आणि फ्रेट घासायचा विषय निघाला तर त्याला एप्रिलचा आणि जुलैचा, दोन्ही आकडे दाखवा. बझ दोन्ही ऋतूंत, त्याच फ्रेटवर असेल तरच कानस लागू द्या.